गेटच्या बाहेर

"ऐकीव नाही हे. कुंदनने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय मला," काशिरामकाका म्हणाले. नवीन पनवेलच्या सोसायटीतली लाईट गेली होती. पोरं जिन्यात बसून ऐकत होती.

२०११ची गटारी, शनिवारची रात्र. टेम्पोवाला कुंदन जेवत होता, तेवढ्यात मामाचा फोन आला. दिनानाथमामा म्हणजे पत्र्याच्या कारखान्याला कामगार पुरवणारा कंत्राटदार. "एक फेरी हाय, ये." मामाला नाही म्हणायची सोय नव्हती. कुंदनने ताट सारलं आणि निघाला.

फेरी कारखान्यातल्या कामगाराची, गणूची होती.

प्रेस मशीनची सुरक्षेची जाळी मामानेच काढायला लावली होती. जाळी असली की काम हळू होतं. गणू दोन्ही हातांसकट छातीपर्यंत आत ओढला गेला. मरून तास झाला होता.

"पाय धर," मामा म्हणाला.

"हॉस्पिटलात?"

"हायवेला. आत मेला तर कायदा शेठच्या गळ्यात. केस, भरपाई, सगळा. बाहेर मेला तर गटारीचा बेवडा, ट्रेलरखाली आला. डोकं चालव जरा."

"मामा, गणू पीत नाय."

"आज पिईल." मामाने खिशातून क्वार्टर काढली.

"म्हणजे भूत तुमचा दिनानाथच," पोरांतला प्रितेश अंधारातून म्हणाला. "काका, तुमच्या पिढीत असलेच सगळे का?"

काका पुढे सांगू लागले.

टेम्पो गेटबाहेर पडला. रस्ता रिकामा होता. पाऊस थांबलेला. मागून आवाज आला.

"मामा... मला आत ठेवा."

कुंदनने ब्रेक मारला. मामा समोरच बघत होता.

"चालव."

"बाहेर नका टाकू, मामा. शांतीला काय मिळनार नाय..."

शांती गणूची बायको. सातवा महिना चाललेला.

"मामा, जिता हाय तो." कुंदन उतरून मागे गेला. बॅटरी मारली. डोळे उघडे. छाती चपटी. श्वासाला जागाच नव्हती. जबडा आवळलेला.

तोंड हललं नाही. आवाज आला.

"आत ठेवा..."

मामाने जबडा फाकवला. दारू ओतली. ती गालावरून खाली आली. मग दोघांनी उचललं. ठेवलं. दूर ट्रेलरचे दिवे दिसले. कुंदनने डोळे मिटले.

...

"झाला," मामा म्हणाला. "जा, जेव."

पोलिसांनी रस्ता अपघात लिहिला. शांती कारखान्यावर गेली, तर वॉचमनने हाकलली. तिला काहीही मिळालं नाही. आजतागायत.

"मग भूत काय कामाचं?" प्रितेशने विचारलं.

काका पुढे सांगत राहिले. त्या पहाटे मामी किंचाळली. कुंदन शेजारच्याच घरात राहायचा, तो धावला. मामा अंथरुणावर बसला होता. दाराची कडी आतून. दोन्ही हात कोपरापर्यंत पापडासारखे चपटे. झोपेत त्याला कळलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाला, एवढा दाब मशीनचाच. हात कापावे लागले.

महिन्याने मामा शेठकडे गेला. "शेठ, तुमच्याच कामात झिजले माझे हात. काहीतरी बघा."

शेठने वर पाहिलं. "लागलं कुठे?"

"...घरी."

"मग मी काय करू?"

त्या पहाटे मामाला दवाखान्यात नेल्यावर अंथरूण कुंदननेच आवरलं होतं. चादरीवर रक्ताचा एक थेंब नव्हता. दोन हातांच्या जागी मशीनचं काळं ऑईल होतं. अजून गरम.