आठ फळ्यांचा चौक

"नीट धर ना! बोट चिकटपट्टीखाली गेलं, तर तुलाही चौकात नेऊन टांगतील!" भिंगरी ओरडली.

"टांगू देत! उंचावरून मजा दिसेल!" तिचा धाकटा भाऊ म्हणाला. ती जाईल तिथे हा मागे हजर, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत.

"एका फळीला सहा फूट पट्टी लागतेय. आठ फळ्यांना अठ्ठेचाळीस!" मोजपट्टीने जाहीर केलं. ही शेजारच्या शिंप्याची मुलगी. तिच्या खिशात कायम टेप असायची आणि समोर दिसेल ते मोजल्याशिवाय तिला करमायचं नाही.

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि तिघांना झकास काम मिळालं होतं. भिंगरीची आत्या पाट्या रंगवायची. न्हाव्याची पाटी, दवाखान्याची पाटी, 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी. तीस वर्षं तिने साऱ्या गावाची नावं रंगवली होती. यंदा नगरपालिकेने ठरवलं, की गावातल्याच कलाकारांचं काम मुख्य चौकात मांडायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याने भाजीची पिशवी हातात घेऊनच ते बघावं! कुंभाराची मडकी, विणकरणीच्या चादरी, फोटोवाल्याचे फोटो. आणि आत्याचं चित्र!

तिने चौकच रंगवला होता, सकाळी नऊ वाजताचा. आठ फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, की पूर्ण व्हायचा. चाव्या बनवणारा, पेपरवाली, शिट्टी फुंकणारा कंडक्टर, सगळे त्यात होते.

"आत्या, पाठीला हा लाल रंग कशाला गं? पाठ कोण बघणारे?" शेपटाने विचारलं.

"कोटाला अस्तर असतं ना, ते कोण बघतं? पण त्याशिवाय कोट टिकत नाही. हा लाकडाचा अस्तर-रंग. ओल लागली तरी फळी फुगत नाही." आत्याने कागद गुळगुळीत करत सांगितलं. "आणि चित्रावर हा जाड कागद, म्हणजे टेंपोत ओरखडे नकोत."

बारा वाजता टेंपो फळ्या घेऊन गेला. आत्याला न्हाव्याची पाटी पोचवायची होती, म्हणून चौघं चौकात पोचली ती तीन वाजता.

आणि बघतात तर काय! मडकी होती, चादरी होती, फोटो होते. आत्याच्या नावाचे आठ लोखंडी स्टँड मात्र रिकामे!

"तुमचं सामान आलंच नाही," संयोजकसाहेब यादीतून मान वर न काढता म्हणाले.

"अहो, टेंपो केव्हाच निघाला!" आत्या म्हणाली.

"मला दिसलं नाही, म्हणजे आलं नाही. पाच वाजता उद्घाटन आहे. रिकामे स्टँड दाखवू का लोकांना? तुमच्या जागी नगरपालिकेचे फलक लावतो." त्यांनी पेन काढलं आणि यादीतल्या आत्याच्या नावावर सर्रकन रेघ मारली!

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती हसली आणि म्हणाली, "राहू दे. आपण पाट्याच रंगवू." आणि घराकडे वळलीसुद्धा.

"आठ फळ्या काय हवेत विरघळल्या?" भिंगरी पाय आपटत म्हणाली. "चला, शोधू या!"

टेंपोवाला कोपऱ्यावरच चहा पीत होता. "उतरवल्या की! स्टेजजवळ रचून ठेवल्या. कुणी सहीला नव्हतं, मग मी निघालो."

तिघं स्टेजकडे धावली. तिथे मंडपवाला घामाने निथळत गालिचा पसरत होता.

"काका, इथे आठ फळ्या होत्या?"

"माझ्याच कमी पडत होत्या, तुमच्या कुठून बघू? सकाळपासून डोक्याला ताप! बरं तर बरं, पोरांनी गोदामातून उरलेल्या आणल्या. बाजूला व्हा आता."

भिंगरी बाजूला झाली, पण तिचं डोकं भिंगरीसारखं फिरू लागलं. "काका, किती कमी पडत होत्या?"

"आठ!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोजपट्टीने हळूच गालिच्याचा कोपरा उचलला आणि टेप लावली. "ही फळी चार फुटांची... हीपण चार... ही साडेतीन! हीसुद्धा साडेतीन!"

"आत्याच्या साडेतीनच्याच आहेत! आमच्या दारातून बाहेर निघाव्यात म्हणून तिने कापून घेतल्या होत्या!" भिंगरी कुजबुजली. 

मंडपवाल्याच्या फळ्याही वरून लालच रंगवलेल्या होत्या. गडबडीत त्याने कागदाची बाजू खाली घातली, लाल बाजू वर, आणि दिले खिळे ठोकून!

"खात्री करायला हवी. शेपटा, तू सगळ्यात बारीक. जा आत!"

शेपूट झालर सारून स्टेजखाली घुसला. आधी फर्रकन कागद फाटल्याचा आवाज आला. मग किंकाळी!

"डोळा! ताई, वरून एक डोळा बघतोय माझ्याकडे!"

दोघी सरपटत आत गेल्या. तो डोळा कंडक्टरचा होता! तिघांनी उताणं पडून भराभर कागद सोलले. पेपरवाली आली, चाव्यावाला आला, कबुतरं आली. मधूनमधून आडवे वासे होते, पण अख्खा चौक छतासारखा डोक्यावर पसरला. खाली झोपून बघताना तर वाटत होतं, की सगळी माणसं वाकून आपल्यालाच हाका मारताहेत.

एवढ्यात वर 'ठक्' झालं आणि निळ्या आकाशातून खिळ्याचं टोक बाहेर आलं. रंगाचा टवका भिंगरीच्या नाकावर पडला!

"थांबा! खिळा ठोकू नका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

वर हातोडा धपकन पडला. "बाप रे! स्टेज बोलतंय!"

मंडपवाल्याने वाकून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काय केलं हे मी! पण साहेबांना सांगायचं कुणी?"

भिंगरीनेच सांगितलं. संयोजकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "तासाभरावर कार्यक्रम, आणि स्टेज मोडू? वरती गालिचा आहे, चित्राला काय होतंय? उद्या बघू. जा, खेळा!"

"अहो, वीस माणसं आणि सोफे चढले, तर वाशांनी सगळा रंग खरवडून निघेल!"

"जा म्हटलं ना!"

तिघं कारंज्याच्या कठड्यावर बसली. शेपटाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता?"

"आता साहेबांचं जे ऐकतात त्यांना नाही, साहेब ज्यांचं ऐकतात त्यांना गाठायचं," भिंगरी म्हणाली. "पाहुण्या कोण आहेत?"

पाहुण्या होत्या ड्रॉइंगच्या बाई. नोकरीतून निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली असतील, पण अर्धं गाव त्यांच्याकडे शिकलेलं. त्या नेहमीप्रमाणे वेळेच्या अर्धा तास आधीच काठी टेकत आल्या. भिंगरी धावत पुढे गेली.

"बाई, प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र बघायचंय का? पण त्यासाठी थोडं रांगावं लागेल."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुणाला? मला?"

"हो, बाई."

"अस्सं! धर रे ही काठी," त्या शेपटाला म्हणाल्या. "आणि माझे गुडघे कुरकुरले, तर लक्ष देऊ नका!"

मोजपट्टीने विणकरणीकडून चादर मागून आणली आणि आत अंथरली. बाई आडव्या झाल्या. चष्मा सारखा करत त्यांनी एकेक फळी निरखली.

"कुणी काढलंय गं हे?" शेवटी बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"माझ्या आत्याने. ती पाट्या रंगवते."

"ती बघ पेपरवाली. बोटं शाईने काळी आहेत! इतकं निरखून कोण बघतं आपल्याकडे?"

बाहेर बातमी पसरायला कितीसा वेळ! फोटोवाला आत शिरला, त्यामागे कुंभार, मग खरी पेपरवाली. "अय्या, ही तर मी!" चाव्यावाल्याचा आवाज आला, "माझं पोट एवढं आहे?" "थोडं कमीच काढलंय!" कुणीतरी म्हणालं आणि स्टेजखाली एकच हशा पिकला.

पाच वाजले. संयोजकसाहेब माईक हातात घेऊन स्टेजवर आले, तर समोरच्या खुर्च्या रिकाम्या! झालरीखालून मात्र पायांची रांग बाहेर आली होती.

"पाहुण्या कुठे गेल्या?" ते ओरडले.

"खाली!" पायाखालून आवाज आला. "आणि तू उतर बघू तिथून! चित्रावर उभा आहेस!"

संयोजकसाहेब टुणकन खाली उतरले. बाई झालरीतून बाहेर आल्या. केसांना कोळिष्टक लागलेलं, पण चेहरा कसा उजळलेला!

"हे चित्र यादीत का नाही?"

"बाई, ते... मला वाटलं, आलंच नाही... म्हणून रेघ मारली."

"न बघताच? शाळेतही तू असाच न बघता रेघा मारायचास! या चित्रावर मी पाय देणार नाही. आधी स्टेज सोडवा. मी बोलेन जमिनीवरून."

मग काय! संयोजकसाहेबांनी स्वतः सोफे उतरवले. मंडपवाला एकेक खिळा इतक्या हलक्या हाताने उपटू लागला, जणू बाळाच्या पायातला काटा काढतोय. भिंगरी धावत जाऊन आत्याला घेऊन आली. रंगाने माखलेल्या हातांनीच आत्या आली आणि गर्दीच्या कडेला थबकली. स्टँडवर एकामागून एक तिच्या फळ्या चढत होत्या आणि चौकातली माणसं चौकासमोर उभी राहून स्वतःला शोधत होती.

"ही पोरं नसती ना," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तर आज आपण एका कलाकाराच्या चित्रावर उभं राहून कलाकारांवर भाषणं ठोकली असती! यांनी मोजलं, वाकून पाहिलं आणि हट्ट सोडला नाही. माझ्या वहीत तिघांनाही पैकीच्या पैकी!"

केवढ्या टाळ्या! आत्याने तिघांनाही एकदमच कुशीत ओढलं, आणि तिघांच्याही कपड्यांना निळा रंग लागला.

शेवटची फळी मंडपवाल्याने दोन्ही हातांनी जपून आणली. "माफ करा, ताई," तो आत्याला म्हणाला. " आकाशात भोक पडलंय माझ्यामुळे. आणि इथे, चौकाच्या कडेचाही रंग उडालाय." तो जरा घुटमळला. "सगळे आहेत यात. मी कुठे दिसलो नाही."

"नऊ वाजता तुम्ही कुठे असता चौकात?" आत्या म्हणाली. तिने फळीवरची उडालेली जागा बोटाने चाचपली, मग मान तिरकी करून मंडपवाल्याकडे बघितलं आणि कानामागची पेन्सिल काढली. "तो हातोडा घ्या हातात. हं, असेच उभे राहा."

मंडपवाल्याने श्वास रोखून धरला.

"हलू नका हं, काका!" तिघं एका सुरात ओरडली.