पेरूखालची अळंबी

हे रचलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलंय. नावंसुद्धा बदललेली नाहीत. मामीच म्हणाली, "बदलू नगंस. कळू दे लोकास्नी."

सातारा-कोरेगाव रस्त्यालगत मामाचं घर. मामा म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. मी सांगलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून गेल्या सप्टेंबरात त्यानं मला मुद्दाम बोलावलं. दुसरा शनिवार होता. सकाळचे अकरा.

मागच्या बागेत पेरूखाली अळंबी उगवली होती.

"आठ दिस झालं उपटतोय," मामा म्हणाला. "सकाळी पुन्हा हायेच. कसली हाय, तेवढं सांग."

मी वाकले. अंगठ्याएवढ्या छत्र्या, निळसर काळ्या. अशी जात मी कधी पाहिली नव्हती.

वास घेतला आणि दचकले...

शाईचा वास. कचेरीत अंगठा घेतात ना, त्या शाईचा.

मग लक्षात आलं, बागेत आवाजच नव्हता. पिकलेले पेरू खाली सडत होते. पण एक पाखरू नाही. एक मुंगी नाही.

अळंबी ओळखायची एक साधी पद्धत असते. छत्री कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची. वर पेला झाकायचा. काही तासांत बारीक बीजाणू गळतात आणि कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटतात. त्यांच्या रंगावरून जातीचा अंदाज येतो.

मी चार छत्र्या तशा ठेवल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

आम्ही जेवायला बसलो.

टक...

मामीनं वळून पाहिलं.

टक... टक...

पेल्यांच्या आतून. कुणीतरी बोट टेकवून उचलावं तसं.

"किडा असंल," मामा म्हणाला. पण त्याचा घास हातातच राहिला.

पाच वाजता मी पेले उचलले.

आऱ्या नव्हत्या.

चारही कागदांवर माणसाचा अंगठा उमटला होता. गोल गोल रेषा, आणि मधून आडवी गेलेली कापल्याची खूण. चारही ठिकाणी तीच.

मामी पुटपुटली, "मनुबाई..."

"गप!" मामा ओरडला.

मामी गप्प बसली नाही. भिंतीला टेकून तिनं मला सगळं सांगितलं. ही जागा मनुबाईची, मामाच्या चुलतभावाच्या विधवेची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. विळ्यानं तिचा अंगठा कापलेला होता. विजेच्या मीटरचा कागद आहे म्हणून मामानं तिचा अंगठा घेतला. तो कागद जागेचा होता. मग तिला घराबाहेर काढलं. बहिणीकडे दहिवडीला गेली आणि दोन वर्षांत वारली.

"समदं कायदेशीर हाय!" मामानं ते ठशांचे कागद फाडले. रॉकेल घेऊन बागेत गेला. अळंबी हातानं उपटली, एकेक करून दोन्ही अंगठ्यांनी चिरडली, ढीग करून पेटवली.

दुसऱ्या दिवशी बाग साफ होती. मामा हसला. "बघ. गेली का न्हाई?"

नोव्हेंबरात तो पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेला. मीच सोबत होते. त्यानं मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. पुन्हा लाल.

तिथल्या मुलीनं त्याचा हात धरून पाहिला. "आजोबा... रेषाच नाहीत."

दोन्ही अंगठे काचेसारखे गुळगुळीत.

डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. डोळ्याच्या मशीनवर दाखला मिळाला. पण मामा घरी आला तो खचूनच. त्यानं मनुबाईच्या भाचीला, उमाला, निरोप धाडला. जागा परत घे म्हणाला.

उमा आली. भर दुपारी. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

"सुभेदार, जमीन नगं. मावशीच न्हाई म्हणली."

मामानं फाटकाची कडी धरली. "कवा म्हणली?"

"काल."

"मग... तिला पायजे तरी काय?"

उमानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वळली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली.

त्याला आता चार महिने झाले. मामा त्याच घरात आहे. मी एकदाही गेलेली नाही. मामीचा फोन येतो. म्हणते, रोज सकाळी हाक मारायच्या आधी ती दारात थोडा वेळ नुसती उभी राहते... मामाचा श्वास चाललाय का, ते ऐकत.