आतल्या बाजूचं लिंपण

वरच्या वाडीतल्या मातीच्या चर्चची भिंत लिंपायला देलुविना आणि तिची नणंद रुमाल्दा सकाळीच डोंगर चढून आल्या होत्या. देवीच्या साथीत ती वाडी ओस पडली, तेव्हा देलुविना तरुण होती. न्यू मेक्सिकोच्या त्या कोपऱ्यात आता काही कुटुंबं परतली होती, आणि रविवारी देलुविनाच्या नातीचा बाप्तिस्मा तिथंच व्हायचा होता. साथीत गेलेली देलुविनाची आई त्याच चर्चच्या जमिनीखाली पुरलेली. तेव्हापासून तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं.

"आतून तू लिंप. मी बाहेरूनच," ती म्हणाली.

"बरं. नातीचा बाप्तिस्माही खिडकीतूनच बघा मग, वहिनी," रुमाल्दा म्हणाली.

दुपारी मातीत कालवायचा भुसा संपला. आतल्या भिंतीला अजून हातही लागला नव्हता. शेळ्या शिरू नयेत म्हणून दाराला कुलूप घालून रुमाल्दा गाढव घेऊन खाली गेली.

आभाळ काळवंडलं. पावसानं गाठलं तर जुन्या कच्च्या विटा विरघळणार होत्या. कालवून उरलेल्या मातीनं देलुविना एकटीच भराभर हात चालवू लागली.

थप्... सर्र.

तिनं हात थांबवला. आवाज थांबला नाही. भिंतीपलीकडून, तिच्या हातासमोरच, कुणीतरी लिंपत होतं. ओल्या मातीचा वास येत होता... आणि त्यात आजाऱ्याच्या खोलीत करतात तसल्या धुरीचा.

"रुमाल्दा... तू आहेस?"

"पाणी कमी घाल, पोरी," आतून हलकेच आलं. "ओघळतंय..."

देलुविनाच्या अंगावर सरसरून काटा आला. पण माती खरंच ओघळत होती. तिनं कोरडी माती मिसळली आणि पुन्हा भिंतीला हात लावला. थप् इकडून, थप् तिकडून... हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला. शेवटचा हात फिरला आणि मागोमाग सर कोसळली.

रुमाल्दा भिजत वर आली, तिनं कुलूप काढलं. देलुविना तिच्या आधी उंबरा ओलांडून आत गेली. सगळी भिंत ताजी, गुळगुळीत लिंपलेली. जमिनीवर मात्र चिखलाचा एक थेंब नाही.

"हे... कुणी केलं, वहिनी?"

"आईनं," देलुविना म्हणाली, आणि तिथंच बसून पोटभर रडली.

रविवारी नातीला मांडीवर घेऊन ती त्याच भिंतीशी बसली. पुढच्या हिवाळ्यात वाडीत आणखी काही चुली पेटल्या.

लिंपण केव्हाच वाळलं. आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर उमटलेला हाताचा एक पंजा तेवढा अजून ओला आहे. परवा रुमाल्दानं त्यावर हात ठेवून पाहिला.

माती कोमट होती.