मानेवरचा हात

भर दुपार होती, भुताखेतांची मध्यरात्र नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण नुकतंच उघडलं होतं. तेवढ्यात खालून फोन आला आणि जेवण तसंच राहिलं.

आणलेला माणूस बाजारात लिलाव पुकारणारा. सगळे त्याला पुकारेकाका म्हणत. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड वाकडं, वाचा गेलेली. त्याची बायको स्ट्रेचरचा कठडा सोडायला तयार नव्हती.

"जन्मभर गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले हो," ती म्हणाली. "आज बसले, तर सोसवत नाही. बोलतं करा त्यांना."

"करते."

असा शब्द देऊ नये, हे डॉक्टरीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

मानेतली डावी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती आणि तिथूनच सुटलेली गुठळी वर मेंदूत अडकली होती. आधी मानेत स्टेंट बसवून वाट मोकळी करायची, मग त्याच वाटेने वर जाऊन गुठळी ओढून काढायची. एक्स-रेपासून बचावाचा शिशाचा पट्टा स्वतःच्या गळ्याला बांधून त्यांनी काकांच्या जांघेतून तार आत सारली आणि एक्स-रेचं बटण पायाने दाबलं. पडद्यावर काकांची मान उमटली.

मानेवर एक हात होता.

नुसती हाडं. चार बोटं मानेमागे, आणि अंगठा नेमका त्या रक्तवाहिनीवर.

"हात कुणाचा मध्ये? काढा आधी!" त्या खेकसल्या.

सिस्टरने दोन्ही हात वर करून दाखवले. काचेपलीकडून टेक्निशियनचा आवाज आला, "मॅडम... तिथे कुणीच नाही."

खरंच कुणी नव्हतं. काकांची मान उघडी होती. स्पिरिटच्या वासात आता ओल्या मातीचा वास मिसळत होता. पडद्यावरचा अंगठा आणखी रुतला, तशी मॉनिटरची टिकटिक मंदावली. टिक... टिक...

"मॅडम, थांबू या का..." सिस्टर कुजबुजली.

डॉक्टरीणबाईंना भीती वाटली, चांगलीच वाटली. पण त्याहून जास्त राग आला. बाहेर ती बाई त्यांच्या शब्दावर बसली होती.

"ठोके वाढवायचं इंजेक्शन दे," त्या म्हणाल्या आणि स्टेंट तारेवरून थेट त्या अंगठ्याखाली नेला. मग पडद्याकडे बघून हळूच बोलल्या, "काढ हात. तुझ्या बापाची मान नाही ही."

स्टेंट उघडला. अंगठा उचलला गेला, मग नाइलाज झाल्यासारखं एकेक बोट सुटलं. रक्त वर धावलं. गुठळी पहिल्या ओढीला आली नाही, दुसऱ्या ओढीला आली.

संध्याकाळी काका बोलले. जिभेला जडपणा होता, पण शब्द ओळखू येत होते. बायको रडता रडता म्हणाली, "बोला, आता कितीही बोला!" काकांनी मात्र डॉक्टरीणबाईंना जवळ बोलावलं.

"तो म्हणाला, तुला सोडतो... त्या बाईचं तोंड बघून ठेवलंय."

"ठेवू दे की. मी रोज तिथेच असते. म्हणावं, ये."

खोलीत जाऊन त्यांनी शिशाचा पट्टा सोडला. आरशात गळ्याच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढा काळसर डाग दिसला. रुमालाने पुसला, तर रुमालाला ओली माती लागली, डाग तसाच राहिला. त्यांनी रुमाल फेकून दिला, सकाळचा डबा पुढे ओढला आणि हट्टाने जेवायला बसल्या.

प्रत्येक घास गिळताना तिथे कुणीतरी हलकेच दाबत होतं.