हातांची बोली

त्या शनिवारी पुसदच्या बसस्थानकावर यवतमाळच्या गाडीसाठी तुफान गर्दी होती. झड लागलेली. दिपाली आडे बाकावर बसून पत्र्यावरून गळणाऱ्या धारा बघत होती. आणि एकाएकी… सगळे उठले! पिशव्या, छत्र्या, कडेवरची पोरं सावरत अख्खी गर्दी पलीकडच्या फलाटाकडे पळाली. कुठंतरी भांडण लागलं असेल, असं वाटून ती बसूनच राहिली.

लांबलचक बाकावर आता दोनच माणसं उरली होती. या टोकाला ती, त्या टोकाला निळ्या शर्टातला एक तरुण. त्याच्या बोटांना पिवळा रंग लागलेला.

मग समोरून एक गाडी निघाली. पाटी… यवतमाळ! दोघं एकदमच उठले, एकदमच पावसात धावले, एकदमच हात केला. गाडी गेली. दोघं चिंब.

फलाट बदलल्याचं भोंग्यावरून सांगितलं होतं, हे दोघांनाही कळायला वेळ लागला. तरुणानं तिच्याकडं पाहिलं. स्वतःच्या कानाला बोट लावलं, ते 'नाही' असं हलवलं, मग भुवया उंचावून तिच्याकडं दाखवलं. तू पण?

दिपाली खो-खो हसत सुटली. वर्ष झालं असेल तिला असं हसून.

कारण ती कोण होती? याच एसटीची कंडक्टर! महागावजवळच्या तांड्यातली ही पोरगी सात वर्षं या रस्त्यांवरून फिरली होती. मागच्या सीटवरची म्हातारी कुजबुजली तरी तिला पुढं ऐकू यायचं. मग मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कानांच्या नसा गेल्या. डेपोनं टेबलावर बसायचं काम दिलं. घरी आलेले पाहुणे आता तिची चौकशी तिच्या याडीकडं, म्हणजे तिच्या आईकडं, चंदाबाईकडं करायचे… दिपाली समोर बसलेली असताना. आज ती आणखी एका डॉक्टरला कान दाखवायला निघाली होती.

तरुणानं मोबाईलवर लिहून दाखवलं, "मी अमर गावंडे. पाट्या रंगवतो. जन्मापासून असाच. तुम्ही?"

"मी दिपाली. कंडक्टर होती," तिनं लिहिलं.

"कंडक्टरची गाडी सुटली! हे मी यवतमाळात सगळ्यांना सांगणार."

"कोणाले?"

त्यानं एका शाळेचा पत्ता लिहिला. "डॉक्टर झाला की या. बघाच."

डॉक्टरनं तेच सांगितलं, जे आधीच्यांनी सांगितलं होतं. ऐकणं परत येणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर ती बराच वेळ उभी राहिली. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मग कसल्याशा हट्टानं तिनं ऑटो केला.

शाळेच्या हॉलचं दार ढकललं आणि ती जागच्या जागी थबकली.

पन्नासेक माणसं होती. म्हातारे, पोरी, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, दाढीवाले दोन मेकॅनिक. आणि सगळ्यांचे हात चालू! कुणी हॉलच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गप्पा मारत होतं, मधल्या गर्दीच्या डोक्यावरून. दोघंजण कडाकडा भांडत होते. एका कोपऱ्यात एक आजोबा गोष्ट रंगवत होते, त्यांच्या बोटांतून बैल चालला, बिथरला, गाडी उलटली, आणि बघणारे पोट धरून हसले. वर्षभर दिपालीला वाटत आलं होतं की जगाचं बोलणं बंद पडलंय. इथं तर बोलण्याला पूर आलेला… आणि त्यात आवाजाची गरजच नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा गेलेल्या लेकरासारखी ती नुसती बघत राहिली.

अमरनं दुरून हात केला. मग सगळ्यांकडं वळून काहीतरी सांगितलं. पन्नास चेहरे तिच्याकडं वळले, हसले. कंडक्टरच्या सुटलेल्या गाडीची गोष्ट पोचली होती तर!

"आता या वयात कायले शिकून राह्यली?" याडी म्हणाली. दिपालीनं ते ओठांवरून वाचलं आणि दर शनिवारी यवतमाळ गाठायला लागली.

शिकणं सोपं नव्हतं. बोटं आखडायची. पण त्याहून अवघड होता चेहरा. कंडक्टरकीत तिनं तो कोरा ठेवायची सवय लावून घेतली होती, आणि या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं.

"चहा घेणार?" तिनं एकदा हातांनी विचारलं.

"विचारून राह्यली की हुकूम सोडून राह्यली?" अमरचे हात म्हणाले. त्याचे हात तिच्या डोक्यात वऱ्हाडीच बोलायचे. "प्रश्न असला की भुवई वर पाहिजे. अशी… नाही, अशी. तू तर तिकीट मागितल्यासारखी पाह्यतं."

"अन् तुम्ही मले तू कायले म्हणता?"

"बोटाले अहो-जाहो समजत नाही," त्यानं सरळ तिच्याकडं बोट केलं. मग ते बोट तिथंच राहिलं, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ. दिपालीनं घाईघाईनं चहाचा कप उचलला. आत चहा नव्हताच.

हिवाळा येईतो ती झरझर बोलायला लागली. स्वप्नंसुद्धा हातांनी पडायला लागली.

एका रविवारी अमरनं तिला महागाव रस्त्यावरच्या आपल्या गावी नेलं. घरी त्याची आई एकटीच, विमलताई; वडील तो लहान असतानाच वारले होते. ओट्यावर दोघांचे हात चालू झाले आणि विमलताई ताट हातात घेऊन दारातच थांबल्या. अमर कामाला आत गेला, तसं त्यांनी दिपालीचा हात धरला. तिला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलल्या, "एवढं काय बोलतो वं तो? घरी तर नाही बोलत."

घरात खुणा होत्या, पण मोजक्याच. जेव. ये. झोप. पैसे. अमर लहान असताना शाळेतल्या कुणी बजावलं होतं, हातवारे करू देऊ नका, नाहीतर पोरगा कधी तोंडानं बोलणार नाही. विमलताईंनी ऐकलं. पोरगा बोललाही नाही, आणि हातही मुके राहिले.

"मले शिकवशील काय, बाई?"

दिपालीनं होकारार्थी मान हलवली.

आता एक शनिवार सोडून एक ती यवतमाळऐवजी त्याच्या गावी येऊ लागली; अमर तेव्हा यवतमाळला असे. विमलताईंसोबत शेजारच्या तांड्यावरची लालीबाई आली, तिची नात बहिरी होती. मग आणखी दोन आया आल्या. दिपालीला बोलून समजावता येत होतं आणि हातांनी दाखवताही. डेपोच्या टेबलावर वर्षभर हरवलेलं काहीतरी तिला त्या ओट्यावर सापडत होतं. सकाळी उठायला कारण झालं होतं.

अमरला कळलं तेव्हा तो भडकला.

"मले विचारलं होतं?" त्याचे हात फटकारे मारत होते. "तीस वर्षं गेली. आता काय बोलणार ती माह्याशी? जेवलास काय?"

"विचारू तर दे तिले!"

"तू चोवीस-पंचवीस वर्षं ऐकलं. तुले नाही समजायचं."

त्यानं पाठ फिरवली. या भाषेत पाठ फिरवली की बोलणंच संपतं. पंधरवडाभर तो हॉलमध्ये आला नाही. दिपालीनं केलेल्या मेसेजला उत्तर नाही. तिला पहिल्यांदाच कळलं की आपल्याला फक्त भाषेचीच ओढ लागलेली नव्हती.

पुढच्या शनिवारी तरीही ती गावी गेली. आयांना शब्द दिला होता. शिकवणं संपत आलं आणि अमर दारात उभा दिसला. तो निघून जाणार, एवढ्यात विमलताई उठल्या. त्याच्या समोर गेल्या. हात वर केले. एक खूण चुकली, ती पुन्हा केली.

"तू लहान. रोज संध्याकाळी दारात. रडायचास. मी भाकर दिली. पाणी दिलं. मारलं. काय झालं होतं? मले समजलं नाही. सांग."

अमरचे हात हळूहळू वर आले.

"बाबाची वाट पाहत होतो. माणसं त्याले उचलून घेऊन गेली. कुठं, ते मले कोणी सांगितलं नाही. मले वाटलं, सांज झाली की येईल."

विमलताईंना सगळं कळलं नाही. त्यांनी दिपालीकडं पाहिलं. दिपालीनं ते शब्द मोठ्यानं उच्चारले… स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या आवाजात. विमलताई मटकन खाली बसल्या. अमर त्यांच्यापुढं बसला. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले, मग लगेच सोडून दिले, कारण त्याला अजून बोलायचं होतं. तो बोलत राहिला. शाळा, शेत, पहिली पाटी, भीती… तीस वर्षांचं. त्या मधूनच थांबवून विचारत, तो पुन्हा सांगत होता. आया गुपचूप उठून गेल्या. दिपालीलाही निघायचं होतं, पण पाय हलेनात. एवढं मोठं काही घडताना तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी अमर तिला स्कूटरनं पुसदला सोडायला निघाला. स्कूटर चालवताना हात गुंतलेले, बोलणार कसं? थोडं पुढं जाऊन त्यानं गाडी थांबवली.

"चुकलो," एवढंच म्हणून पुन्हा निघाला.

थोड्या वेळानं पुन्हा थांबला. "आईनं तुह्या चहाची तारीफ केली."

"हे सांगायले गाडी थांबवली?"

तो लाजला. पुन्हा निघाला. तिसऱ्यांदा थांबेपर्यंत अंधारून आलं होतं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि एकमेकांचे हात दिसेनात. अमरनं गाडी वळवली, दिवा शेताच्या बाजूला केला आणि उजेडात जाऊन उभा राहिला.

"तीन कुठं, तीनशे वेळा थांबीन," त्याचे हात म्हणाले. "पण रोज तुले सोडायचं नाही मले. घरी न्यायचं आहे. येशील?"

त्याच्या हातांची सावली शेतभर पसरली होती, पांढऱ्या कापसावर, थेट पलीकडच्या बांधापर्यंत. दिपाली त्या सावलीकडं बघतच राहिली. मग ती चालत उजेडात आली, त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि हात वर केले.

अख्ख्या शेतावर तिचा होकार उमटला.