कांद्याच्या मुळातली रांग

"ही स्लाईड तिनं विकत आणली असणार, सर," तेजस्विनी म्हणाली.

इंदिरानगरातल्या सुट्टीच्या विज्ञान शिबिरात कांद्याच्या मुळातली पेशीविभागणी पाहायची होती. सगळ्यांच्या स्लाईडमध्ये गुणसूत्रं विस्कटलेली दिसत होती. सुरगाण्याहून आलेल्या सविताच्या स्लाईडमध्ये मात्र ती पेशीच्या मध्यावर सरळ रांगेत होती.

"मी नाय आणली," सविता एवढंच म्हणाली. दीपक सरांनी तिची स्लाईड बाजूला ठेवली. "जेवणानंतर बघू. तोवर प्रदर्शनासाठी कुणाचीच निवड नाही."

शिबिरातली सर्वांत चांगली स्लाईड करणारा विज्ञान प्रदर्शनाला जायचा, आणि दरवर्षी तेजस्विनीच निवडली जायची. जेवणाच्या सुट्टीत ती मित्राला, रुद्रला, घेऊन प्रयोगशाळेत गेली. सविता उशिरा आली तेव्हा कांदे पाण्यात ठेवायच्या बरण्या संपल्या होत्या, म्हणून तिचा कांदा चहाच्या पेल्यात होता. तेजस्विनीनं त्याचं एक मूळ कापलं, रंगवलं, दाबलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पुन्हा तीच सरळ रांग.

"काय दिसलं?" रुद्रनं विचारलं.

"काही नाही." तिनं स्लाईड पुसून टाकली.

"पण सगळ्यांचंच कसं बिघडलं? काल मीच बरण्यांतलं पाणी बदललं, कपाटातल्या कॅनमधून. सर म्हणाले, शुद्ध पाणी आहे."

"आणि पेला?"

"तो तिनं नळाखाली भरला."

दोघांनी कॅन फिरवला. भिंतीकडच्या बाजूला चिठ्ठी होती : कोल्चिसिन.

तेवढ्यात सर आले. चिठ्ठी वाचून त्यांचा चेहरा उतरला. "आधी हात धुवा, साबणानं. हे विषारी आहे. न वाचताच मी पाणी समजलो. पेशीच्या दोन्ही टोकांकडून धागे येतात, तर्कुतंतू. ते गुणसूत्रांना दोन्हीकडून धरतात, तेव्हा ती मध्यावर रांगेत येतात. या औषधानं धागेच तयार होत नाहीत. धरायला कुणी नाही, म्हणून तुमची सगळी विखुरलेली. शाब्बास तेजस्विनी, छान शोधलंस."

ही शाबासकी तिला हवी होती. पण दारात सविता उभी होती.

"सर, तिची स्लाईड खरी आहे," तेजस्विनी म्हणाली. "मी तिचं मूळ कापून पाहिलं. रांग दिसली, म्हणून स्लाईड पुसून टाकली."

सविता पेल्यापाशी गेली. "अजून तीन मुळं आहेत," ती म्हणाली आणि तिनं एक कापलं.

ते तिनं काचेवर नीट ठेवलं. सर तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले. "प्रदर्शनाला तूच जायचंस," ते म्हणाले.

तेजस्विनीला अजूनही वाईट वाटत होतं. तरी तिनं रंगाची बाटली सविताच्या हाताजवळ सरकवली.