डब्यातला चमचा

पहिल्या भेटीतच मला त्याचा संताप आला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कुणी म्हणायचं की बघताक्षणी पाघळली.

मी औषधाच्या दुकानात उभी होते. हातात पावडरीचा डबा होता, जेवणाऐवजी पाण्यात कालवून प्यायची असते ना, तिचा. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. महिन्यापूर्वी शिडीवरून पडले आणि जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले. तार सुटेपर्यंत जे पोटात जाईल ते दातांच्या फटीतून, नळीनं ओढून. आधीचा डबा चार दिवसांत संपला होता आणि आता तर किंमत आणखी वाढलेली. माझं डोकंच फिरलं. मी डब्यामागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायला लागले. साखर, दूध पावडर, कसलंसं पीठ, कसलंसं तेल...

"एवढंच? हे तर मी घरी करीन," मी म्हटलं.

काउंटरमागचा औषधवाला गोळ्यांची पाकिटं रचत होता. माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघून म्हणाला, "करा की. पण अंदाजपंचे करू नका."

आता मी कपडे शिवते. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या छातीचं माप माझ्या डोक्यात तयार असतं. आणि हा मला अंदाज शिकवणार! वर हसलाही. डाव्या गालाला खळी पडते त्याच्या, तेवढीच एक... ते राहू दे. दूध पावडर तेवढी घेतली आणि तणतणत घरी आले.

पावडर केली, आणि झकास केली. ओट्स भाजले, सोललेले हरभरे भाजले, शेंगदाणे भाजले. सगळं मिक्सरमधून काढलं, दूध पावडर आणि साखर घातली. एक कण जरी नळीत अडकला तरी बाबांचे हाल, म्हणून अस्तराच्या मलमलीतून दोनदा चाळली. जुन्या डब्यातला चमचा मी जपून ठेवला होताच. डॉक्टरांनी त्या डब्यासाठी सांगितल्याप्रमाणे दर खेपेला तीन चमचे, दिवसातून सहा वेळा, अगदी घड्याळ लावून.

बाबांना दात न हलवता बोलायला लाज वाटायची, म्हणून ते कागदावर लिहायचे. तेही पाटीवर लिहावं तसं, वळणदार, सावली देऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "चव छान. आणखी आहे?"

"डॉक्टरांनी ठरवलंय तेवढंच," मी म्हणाले. कागद बाजूला ठेवून ते निमूट पडून राहिले.

आठव्या दिवशी दवाखान्यात वजन केलं तर दोन किलो कमी भरलं. पुढच्या सोमवारपर्यंत आणखी उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी माझा हात घट्ट धरला. आईच्या नाकात शेवटचे तीन आठवडे तसलीच नळी होती. त्यानंतर आमच्या घरात त्या नळीचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

बाबांना घरी सोडून मी तडक औषधाच्या दुकानात गेले. दूध पावडर भेसळीची आहे, तुम्ही लोकांच्या जिवाशी खेळता, असं चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं. त्यानं आधी गिऱ्हाइकांची औषधं बांधून दिली. गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाला, "पावडर आणलीय का?"

डॉक्टरांना दाखवायला नेलेली पिशवीत होतीच, चमच्यासकट. त्यानं छोटा वजनकाटा पुढे ओढला. त्या चमच्यानं विकतच्या डब्यातली पावडर घेतली, तीस ग्रॅम भरली. मग माझी घेतली, तशीच, काठोकाठ. सतरा.

मी काट्याकडे बघतच राहिले. माझी पावडर हलकी होती, फुगीर. दोनदा चाळून मीच ती फुगवली होती. चमचा कंपनीचा, पीठ माझं... आणि बाबा आठ दिवस अर्धपोटी. आणखी मागत होते, तर मी नाही म्हणाले होते.

त्यानं तेव्हा मला टोचून बोलायला हवं होतं. मी वाट बघत होते, भांडण तयार होतं माझं. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "चूक माझी आहे. पहिल्या दिवशी नीट समजावून सांगायचं सोडून मी टोमणा मारला."

एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. भांडायलाही जागा ठेवली नाही या माणसानं! मी तिथेच, खोकल्याच्या बाटल्यांसमोर, ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी दुकान उघडण्याआधी वजनकाटा घेऊन घरी यायला लागला. किती ग्रॅम काय घालायचं याचा कागद त्यानं डॉक्टरांकडून तपासून आणला होता. मी भाजायची, तो वजन करायचा. शेंगदाणे वाढवायचे म्हणून वाद, साखर कमी म्हणून वाद. एकदा भांडता भांडता त्यानं हात पुढे केला, माझ्या चेहऱ्याजवळ... आणि मध्येच थांबवला.

"पापणीवर – पीठ आहे."

मी पुसलं.

"दुसऱ्या."

कान तापले माझे. आमच्या ओट्याशी उभं राहून मला डावं-उजवं सांगणारा हा कोण? बाबांनी आतून येऊन कागद पुढे केला, "भांडण संपलं असेल तर प्यायला द्या." 'भांडण' या शब्दाभोवती त्यांनी वेलबुट्टी काढली होती.

सोमवारी वजन केलं. सातशे ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टरांनी नळीचा विषयच काढला नाही. बाबा दवाखान्याच्या पायऱ्या अशा उतरले, जणू जबड्याला काही झालंच नव्हतं.

खाली तो उभा होता, भर सकाळी अकरा वाजता.

"दुकान?"

"बंद करून आलो."

"बंद? लोकांना औषधं लागतात. तुम्हाला काही कळतं का?"

"वजन कळेपर्यंत बसवेना तिथे." त्यानं बाबांकडे बघून ओळखलं असावं. मोठा श्वास सोडला, मग पायांकडे बघत म्हणाला, "आता तुम्हाला जमतंय सगळं. उद्यापासून मी आलो नाही तरी... चालेल."

"चालेल?" माझा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली, तरी मी थांबले नाही. "आठवडाभर रोज सकाळी यायचं, माझ्या चुका काढायच्या, आणि मला तुमची वाट बघायची सवय लागली की म्हणायचं चालेल? नाही चालणार. मला तुम्ही आवडता. आणि आता हसलात तर बघा."

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. "मलाही," एवढंच म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. ती घेताना हातही घेतला, आणि सोडला नाही.

पुढे गेलेले बाबा वळून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. त्यांच्या पिण्याची वेळ झाली होती. आम्ही तिघं घरी गेलो. औषधाचं दुकान आणखी तासभर बंद राहिलं. त्याचा मला राग यायला हवा होता, पण तो काही आला नाही.